ओळखू आलेल्याला चहा नाही

आमच्या घरात चहा फुकट मिळत नसे. दूध घरच्या म्हशीचं, सरपण बांधावरचं, साखर-पत्ती आठवडी बाजारातली, तरीही चहा कमवावा लागे. आणि तो गळ्यानं कमवावा लागे.

आमची गायनपार्टी घरचीच. आबा, म्हणजे माझे वडील, पेटी घेऊन पुढं. मागं कोरसाला पाचजण: माय, ढोलकीवर थोरला भाऊ, टाळ घेऊन वहिनी, टाळ्या धरायला धाकटी बहीण आणि बेंजोवर मी. कार्यक्रम असेल तिथं सगळ्यांनी मिळून जायचं आणि रेकॉर्डिंगही सगळ्यांनी मिळून घरातच करायचं. त्यासाठी मागच्या खोलीच्या चारी भिंतींना मायनं शिवलेल्या गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या, दाराला दुहेरी पोतं, खोलीच्या मधोमध एकच माईक आणि त्याच्याभोवती आम्ही शेकोटीला बसावं तसे गोल करून. वेगवेगळे आवाज वेगवेगळे घ्यायचे आणि मग कॉम्प्युटरात जोडायचे, ही शहरातली तऱ्हा आबांना पसंत नव्हती. म्हणायचे, "तुमी जुडून बसा, जुडून गा. मंग मशीनला जोडायचं कामच न्हाई."

गाणं झालं की मी ते परत लावायचो. आबा डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच बोट वर करायचे.

"हे कोन हाय?"

कोरसातला एखादा आवाज बाकीच्यांतून वेगळा निघाला की बोट वर. ज्याचा आवाज ओळखू आला, त्याला त्या दिवशी चहा नाही. कोरस म्हणजे एक गळा, आणि तो गळा आबांचा. ते जिथं श्वास घेतील तिथं आम्ही श्वास घ्यायचा, ते जो शब्द दाबतील तो आम्ही दाबायचा. बहीण लहानपणी सलग अकरा दिवस बिनचहाची राहिली. बाराव्या दिवशी तिचा आवाज कोरसात असा बुडाला की पुन्हा वर आला नाही.

वहिनी वडवणीची. लग्नात तिनं उखाणा घेतला तेव्हा आवाज इतका बारीक की मांडवावरच्या चिमण्यांनी माना वाकड्या करून खाली बघितलं. पण वर्षभर आमच्या गोलात बसली आणि एक दिवस तिनं माहेरी फोन लावला. पलीकडून तिची आई म्हणाली, "नमस्कार व्याही. जरा माझ्या लेकीकडं द्या की फोन."

आम्ही पोट धरून हसलो. वहिनीही हसली. नंतर बराच वेळ ती चुलीपुढं बसून स्वतःशीच काहीतरी बोलून बघत होती, ते मी पाहिलं होतं.

एकच गोष्ट आबांनी आम्हाला दिली नव्हती. कडव्याच्या तिसऱ्या ओळीआधी ते बारीकसा "हं" करायचे. खाकरणं नव्हे, हुंकारही नव्हे. उंबऱ्यावर पाय टेकवून मग आत यावं, तसलं काहीतरी. बहिणीनं एकदा तो उचलला, तर आबांनी पेटी बंद केली.

"ते माझं हाय. ते सोडून सगळं घ्या."

आबांच्या आवाजाचं काय सांगू? आमच्या गावाजवळ, पालीला, बिंदुसरा नदीच्या धरणाच्या भिंतीवर बसून ते तान घ्यायचे, तेव्हा पलीकडच्या काठावरचं धुणं आपटायचं थांबायचं. आणि पाण्यावर उठलेली लाट समोरच्या काठाला शिवून परत यायची ती नेमकी समेवर त्यांच्या पायाशी फुटायची. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. वाढवतोच. पण पुढं जे सांगणार आहे ते कमी करून सांगतोय, कारण झालं तेवढं सगळं लिहिलं तर तुम्ही हे पान मिटून ठेवाल.

पावसाळा सरता सरता आबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, जीवाला धोका टळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं कामापुरतं येईल, गाणं विसरा. आबा घरी आले ते गळ्याला उपरणं गुंडाळून. पंक्चर ट्यूबमधून निघावी तशी त्यांच्या तोंडातून हवा निघे आणि त्या हवेतून शब्द वेचून घ्यावे लागत. कान त्यांच्या ओठांशी न्यायचा, तेव्हा कुठं "पानी" की "पेटी" ते कळायचं. पेटीवर त्यांनी आपल्या हातानं चादर टाकली. म्हशीला ते रोज लांबूनच हाक मारून बोलवायचे, ती हाक बंद झाली. म्हैस दोन दिवस खुंट्याभोवती फिरत राहिली.

उमापूरचा जयंतीचा कार्यक्रम मात्र दरवर्षी आमचाच. कमिटीच्या अध्यक्षांचा फोन आला तो मायनं उचलला.

"आबा येनार ना?"

मायनं आमच्यापैकी कुणाकडं बघितलं नाही. "येनार," म्हणाली आणि फोन ठेवला.

भाऊ म्हणाला, "येऊन काय करतेल गं? हात जोडून बसतेल?"

"बसतेल. बसू दे. आपल्यात बसले तर मानूस जितं राहील. भाईर बसवलं की गेलं." मायचं म्हणणं एवढंच होतं. आवाज गेला तो गेला. आता आबा आमच्या गोलातून उठून जाऊ नयेत.

कार्यक्रमाआधी यूट्यूबच्या आमच्या च्यानलवर एक नवं गाणं टाकायची आमची पद्धत. भाऊनं ते ऑपरेशननंतर लिहिलं होतं, "उजेड चालत आला माझ्या गावाच्या वेशीत". आबांनी पुढं बसून गायच्या ओळी यावेळी मीच म्हणाव्यात असं ठरलं. आबा त्या दिवशी तपासणीला बीडला गेले होते. उन्हाळ्यातली भर दुपार होती. बाहेर ऊन इतकं की झाडाखाली झाडाचीच सावली मावत नव्हती. खोलीत पंखा बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. आम्ही पाचजण घामानं निथळत एका दमात गाणं गायलो आणि मी ते परत लावलं.

पहिलं कडवं बरं गेलं. मग दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीआधी "हं" आला. आणि त्याच्यामागून आबा गायला लागले.

गाणं संपलं तेव्हा भाऊ माझ्यावर उसळला.

"जुनं गानं मिसळलंस का बे?"

"आईच्यान न्हाई. आत्ताचं हाय."

"मंग हे कोन हाय?"

ते वाक्य आबांचं होतं. त्याच्या तोंडून निघालं आणि तोच दचकला.

जुनं मिसळायला जागाच नव्हती. एक माईक, त्याची कॉम्प्युटरात एकच पट्टी, ती मी सगळ्यांसमोर उघडून दाखवली. आणि गाणं तर नवं होतं. आबांनी ते कधी गायलेलंच नव्हतं, गाऊ शकत नव्हते.

तेवढ्यात दाराचं पोतं आत आलं. पोत्याला पुढं करून म्हशीचं डोकं आत आलं होतं. खुंटा उपटून, दावं ओढत ती अंगणातून तिथवर चालत आली होती आणि स्पीकरकडं बघत उभी होती. हाकेला यावी तशी.

मग आम्ही शहाण्यासारखं एकेकाचं घेऊन बघितलं. माय एकटी गायली. आबा नाहीत. भाऊ एकटा, नाहीत. वहिनी, बहीण, मी, कुणातच नाहीत. दोघादोघांनी गायलो, तिघांनी गायलो. चौघांनी गायलो तेव्हा मागं कुठंतरी कुणी खोली झाडतंय असं वाटलं, एवढंच. पाचही जण गोलात बसलो आणि आबा आले. "हं"सकट आले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत गात होतो. "हं" कुणाच्याच ओठावर नव्हता, आणि रेकॉर्डिंगमध्ये होता.

संध्याकाळी आबा एसटीतून उतरून घरी आले. नेहमीप्रमाणे म्हशीच्या पाठीवर हात ठेवायला गेले. तिनं त्यांचा हात हुंगला आणि दोन पावलं मागं सरली.

आबांना ऐकवायचं की नाही यावर आमची चूलमिटिंग झाली. माय म्हणाली, "त्यांचं त्यांना देऊन टाका." दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना खोलीत बसवलं आणि गाणं लावलं. आबांनी डोळे मिटले. "हं" आला तसा त्यांचा हात आपोआप गळ्यावर गेला, खिसा चाचपावा तसा. ते मला म्हणाले, म्हणजे त्यांच्या तोंडून हवा म्हणाली, "परत लाव." चार वेळा लावलं. मग म्हणाले, "माझ्यापुढं गा."

आम्ही गायलो. आबा नाहीत. परत गायलो. नुसता कोरस, चांगला, गुळगुळीत, एका गळ्याचा, पण रिकामा. घासून ठेवलेल्या भांड्यासारखा, असं बहीण म्हणाली. तिसऱ्यांदाही तेच.

आबा उठले आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. आम्ही गायलो. आले.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एक जागा आहे. ती अजून माझ्याकडं आहे. आबांचा आवाज तिसरी ओळ पकडून वर चढतो, "वेशीत" या शब्दाच्या अर्ध्यात पोचतो आणि सुरी मारावी तसा तुटतो. पुढं आम्हीच पाचजण. नीट कान दिला तर त्याच क्षणी दाराशी चपलेचा आवाज ऐकू येतो. आबांना राहवलं नव्हतं. लिंबाखालून उठून ते पोत्यापर्यंत आले होते.

तेव्हापासून आबांनी स्वतःच शिस्त लावून घेतली. आम्ही वाद्यं काढली की ते चप्पल घालायचे. आधी लिंबाखाली जात. मग म्हणाले, एवढ्या जवळून आवाज पातळ येतो, मी रस्त्यापर्यंत जातो. मग म्हैस घेऊन धरणापर्यंत. पण ती त्यांच्याबरोबर जाईना, म्हणून एकटेच. मग मिळेल ती गाडी धरून बीडच्याही पुढं. आणि खरंच, ते जितके लांब जात तितका खोलीतला आवाज भरत जाई. बीडच्या पुढं गेले त्या दिवशीचं गाणं असं आलं की भिंतीवरच्या गोधड्या खिळ्यांसकट थरथरल्या. ते माझ्या हिशेबातले आबा नव्हते. मी जन्मायच्या आधीचे असावेत. मायनं पदर डोक्यावर घेतला, नव्या नवरीसारखा.

आम्ही ती गाणी च्यानलवर टाकत गेलो. खोटं कशाला बोलू, आम्हाला गोडी लागली. "आबा बरे झाले," म्हणून लोक लिहायला लागले. रस्त्यात भेटून त्यांचा हात धरायला लागले. आबा मान हलवायचे. घरी आले तरी आता ते खोलीत येईनात. जेवायला ताट ओट्यावर मागायचे. झोपायची बाज त्यांनी अंगणाच्या टोकाला नेली. विचारलं तर हवेत उत्तर द्यायचे, "तुमचं बिघडंल." गाणं नसतानाही. उन्हात बसले तर त्यांची सावली फिकी पडत चालली होती असं मी म्हणत होतो, आणि त्यावर घरात एकही माणूस मला "थापाड्या" म्हणाला नाही.

उमापूरच्या आदल्या दिवशी मायनं भाकरीचा तवा उतरवला आणि आमच्याकडं वळली.

"जित्या मानसाला आपन घराभाईर काढलं. कशापायी? त्याच्याच आवाजापायी. आं?"

भाऊ म्हणाला, "आगं पर लोक वाट बघतेत."

"लोकांला आवाज पायजे. तुला काय पायजे ते सांग."

भाऊ ढोलकीचे दोर ताणत बसला. मी बेंजोच्या तारा पुसल्या. आबांना चला म्हटलं तर ते म्हणाले, "म्या आलो तर काय ऐकवनार तुमी? जावा." आम्ही त्यांना घरी ठेवून गेलो. परत लिहितो, आम्ही त्यांना घरी ठेवून जीपमध्ये बसलो. आणि पेटी बरोबर घेतली.

कार्यक्रम दिवसा, चारचा. मांडवावर निळ्या पताका, समोर बाया, मागं बापे, कडेला पाण्याचा टँकर. स्टेजवर कमिटीनं आबांची खुर्ची मधोमध मांडून ठेवली होती, पुढं त्यांचा माईक, शेजारी पेटी. अध्यक्ष म्हणाले, "आबा मागून येतेत ना?" आम्ही मान हलवली. खुर्ची काढा असं कुणाला म्हणवेना. आम्ही तिच्यामागं गोल केला आणि सुरुवात केली.

आबा इतके लांब कधीच नव्हते.

पहिल्याच कडव्यात "हं" आला आणि सगळ्या भोंग्यांतून एकदम आवाज उसळला. पुढच्या बाया हसत मान वर करून बघायला लागल्या आणि हसू तसंच चेहऱ्यावर अडकलं. खुर्ची रिकामी होती. आवाज तिच्यातून येत होता. आमच्या तोंडातून निघून, खुर्चीच्या उंचीवर एकत्र होऊन तो पुढं जात होता. रांगांमधून शांतता मागं मागं सरकत गेली. एका म्हातारीनं हात जोडले. साऊंडवाला वाकून स्टेजखाली बघून आला. माझी बोटं बेंजोवर चालत होती. थांबवावी म्हटलं तरी थांबत नव्हती.

दुसऱ्या कडव्यात माय गायची थांबली.

ती मांडवाच्या शेवटी बघत होती. टँकरच्या आडोशाला एक माणूस उपरण्यानं तोंड झाकून उभा होता. आबा एसटीनं आमच्यामागून निघून आत्ताच पोचले होते, स्वतःला ऐकायला. ते आले तसा पातळ होऊ लागलेला आवाज पाचातली एक कमी झाल्याबरोबर विरला आणि त्या माणसानं उपरण्यातून हात काढून आम्हाला खूण केली. गा, गा. थांबू नका.

मायनं उठून आबांचाच माईक धरला.

"ओ! तिथं कावून उभं हाव चोरावानी? या की वर."

सगळा मांडव मागं वळला. आबांनी मान हलवली. गळ्याकडं बोट केलं, मग आमच्याकडं.

"त्ये जाऊ द्या तिकडं. तुमी आल्याबिगर म्या त्वांड उघडायची न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई."

आबांनी तोंडावरचं उपरणं सोडून खांद्यावर टाकलं. मग निघाले. लोक बाजूला सरून वाट करून देत होते, पण अंग चोरून, जरा जास्तच लांब होऊन. स्टेजच्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या. खुर्चीत बसले नाहीत. आमच्या गोलात मायच्या शेजारी मांडी घातली, मला मांडीनं थोडं सरकवून.

आम्ही गायलो. आवाज आला नाही.

तो तर आला नाहीच, पण आमचा एक गळाही फुटला. आबा शेजारी बसलेले, जो तो त्यांच्याकडं बघत गायलेला, कुणाचं कुणाशी जुळेना. मायचा आवाज चिरका निघाला. भाऊ नाकात गातो, हे मला त्या दिवशी कळलं. बहिणीचा आवाज भरड, जात्यासारखा, बारा-पंधरा वर्षांनी वर आलेला. आणि वहिनीचा तो वडवणीचा बारीक आवाज असा निघाला की तीच गाता गाता घाबरली. पाच आवाज, पाच दिशांना. इतकं वाईट आम्ही कधी गायलो नव्हतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या सुटल्यासारख्या. दार उघडल्यावर माणूस श्वास सोडतो तशा.

आबा डोळे मिटून ऐकत होते. एकेका आवाजाला बोट वर करत होते. पाचही वेळा.

गाणं संपल्यावर कमिटीचा चहा आला. आमच्यापैकी कुणी हात पुढं केला नाही. सवयच ती. आबांनी किटली स्वतःकडं ओढली. एकेक कप भरला आणि आपल्या हातानं आधी मायला, मग भाऊला, वहिनीला, बहिणीला, शेवटी मला दिला. देताना प्रत्येकाच्या तोंडाकडं नवीन पाहुणा आल्यासारखं बघत होते. मग स्वतःचा कप भरला, तोंडाशी नेला आणि प्यायच्या आधी त्यांच्या घशातून एक बारीक, खरखरीत आवाज निघाला.

"हं."

माईक बंद होता. आम्ही पाचही जणांनी एकमेकांच्या ओठांकडं बघितलं.

बहिणीनं वाकून त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"आबा, ओळखू आला. तुमाला चहा न्हाई."